पुढच्या फळीचा हुकूम

आमच्या तेलगावच्या शिवारात कापूस फुटतो तेव्हा त्याचा आवाज सहा कोसांवर माजलगावात ऐकू येतो, असं मी जन्मभर सांगत आलो. ऐकणारे हसतात. हसू देत. पण कार्तिकातल्या पहाटे, पानांवर दव असताना, एकदा पऱ्हाटीच्या ओळीत कान देऊन बसा. बोंड उकलताना एक बारीक टिचकी वाजते, ओल्या बोटांनी वाजवावी तशी. एका बोंडाची एक टिचकी, तर लाख बोंडांचा गलका माजलगावला का पोचू नये? माझ्या सगळ्या थापांचं असंच आहे. मुळाशी एवढीशी टिचकी खरी असते. बाकीचा गलका माझा.

यंदाही कापूस फुटला. कान जड झाल्यामुळं टिचकी ऐकू आली नाही, पण डोळे शाबूत आहेत. बायका वेचणीला उतरल्या आहेत. पदराची झोळी करून ती पोटाशी बांधायची आणि दोन्ही हातांनी वेचत वेचत तिच्यात कापूस भरायचा, ही आमच्याकडची रीत. सकाळी सडपातळ दिसणाऱ्या बाया ऊन चढेल तशा भरत जातात. दुपारपर्यंत शिवारातली प्रत्येक बाई सात महिन्यांची दिसते. मग त्या बांधावर येतात, एक हात कमरेवर, एक हात पोटाखाली, आणि गाठ सोडून झोळी रिकामी करतात. सगळ्या हसत हसत रिकाम्या होतात. तेवढा वेळ मी दुसरीकडे बघतो.

मी सांगतोय तो हंगाम मोटारीचा होता. हैदराबादच्या हुजूरची राजवट होती, कचेरीत उर्दू होती आणि अख्ख्या टापूत एका शेटजींची एक सर्विस मोटार होती. माजलगावहून सकाळी निघायची, आमच्या लिंबाखाली थांबायची आणि दिवस कलता कलता बीडला टेकायची. ती मोटार म्हणजे काय सांगू. पुढून बघितलं तर नवरदेवाची घोडी, मागून बघितलं तर मोडका पाळणा. वर ताडपत्रीचं छत, आत चार फळ्या. हाकणाऱ्याच्या शेजारच्या पुढच्या फळीला तेवढी काथ्याची गादी होती. मागची फळी बरोबर चाकांच्या कण्यावर. तिथं दुधाची चरवी ठेवली तर वडवणी येईपर्यंत दही लागायचं, पुढच्या ओढ्यात ताक व्हायचं आणि बीडच्या वेशीत लोण्याचा गोळा हाती यायचा. लोक म्हणायचे, किसना, तूप कावून निघत न्हाई? मी म्हणायचो, इंजिन जरा आणखी तापू द्या.

मी त्या मोटारीवर क्लीनर होतो. पुढं उभं राहून हँडल मारायचं, दर ओढ्याला इंजिनाला पाणी पाजायचं, कापसाची गाठोडी चढवायची आणि माणसं बसवायची. कोण पुढं, कोण मागं, हे मी ठरवायचो. तेव्हा माझं वय बावीस, जीभ मात्र बावीस हात. मोटार हाकायचे करीम उस्ताद. ते तोंडानं कमी आणि भोंग्यानं जास्त बोलायचे. समोर म्हैस आली तर एक भोंगा, सरकारी माणूस आला तर अर्धा, आणि मी थाप मारायला लागलो की कोपरानं हळूच दाबलेला एक चोरटा भोंगा.

हुकमाची सुरुवात कापसाच्याच दिवसांत झाली. एका गावचे पाटील माजलगावहूनच पुढच्या फळीवर पाय पसरून बसून आले होते. तेलगावला आमच्या कोंडाआत्या चढल्या. त्या साऱ्या गावाच्याच आत्या. बरोबर सून, आठवा सरत आलेला, तोंडावर घामाचे थेंब. मागच्या फळीवर दोन शेरडं आणि एक वाकडी जागा शिल्लक होती.

"पाटील, पोर अवघडलेली हाय. जरा मागं बसता का?" आत्या म्हणाल्या.

"मागं शेरडं बसल्यात, आत्या."

"मंग बरं हाय की. वळखीचीच असतील."

मोटारीत खसखस पिकली. पाटलांच्या मिशा ताठ झाल्या. माणूस वाईट नव्हता. पण चारचौघांत हसू झाल्यावर उठणार कसा? मी पायरीवर उभा होतो. जीभ आपोआप सुटली.

"पाटील, राग मानू नका, पण तुमाला उठावंच लागतंय. हुजूरचा हुकूम आलाय. हैदराबादेत एक बेगमसाहेबा मोटारीतनं चालल्या हुत्या, दोन जिवाच्या. खड्डा आला. बेगमसाहेबा ह्या एवढ्या उडाल्या, मोटारीच्या छतातनं डोस्कं भाईर. हुजूरनी तवाच कलम उचललं. दोन जिवाची बाई मागं आन् गडी म्होरं दिसला, तर मोटारीची चाकं जप्त."

"चारी?"

"चारी. आन् म्होरच्या गड्याला तीच चाकं ढकलत हैदराबादपातूर न्यायची."

करीम उस्तादांनी समोर बघतच तो चोरटा भोंगा दाबला. पाटील क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हुकूमच हाय म्हनल्यावर काय." खाली उतरले आणि उतरता उतरता आपली घोंगडी घडी करून त्या सुनेच्या पाठीशी ठेवून गेले. ती घोंगडी माझ्या हुकमात नव्हती.

त्या घोंगडीचा मी पुढं फार विचार केला. माणसाला चांगलं वागायचं असतं, पण आपणहून वागायची लाज वाटते. बायकोपुढं, शेजाऱ्यापुढं, चारचौघांपुढं मऊ दिसायची लाज. हुकूम असला की बरं पडतं. चेहरा कडक ठेवायचा आणि जागा सोडायची.

पण पुढच्या खेपेला कुणीतरी विचारलं, हुकमाचा कागद कुठाय? बीडच्या बाजारात मला सुरम्याची एक जाहिरात मिळाली. मधोमध एक मोठा डोळा आणि चारी बाजूंनी उर्दूचा दाट छापा. आमच्याकडे उर्दू वाचता येणारा माणूस म्हणजे सरकारी माणूस, आणि उर्दूतला कागद म्हणजे सरकारचा कागद. मग त्यात सारावसुली असो की सुरमा, आम्ही आधी हात जोडायचो. मी खळ लावून तो कागद पुढच्या फळीसमोर चिकटवला. उस्तादांना अक्षरं लागायची. त्यांनी ओठ हलवत सगळा कागद वाचला, माझ्याकडे बघितलं आणि निघालेला एक कोपरा अंगठ्यानं नीट दाबून बसवला.

"आँख अच्छी है," एवढंच म्हणाले.

मग काय विचारता. हुकूम मोटारीच्या पुढं धावायला लागला. लोक सांगायचे, तो हुजूरचा डोळा हाय, फळीवर कोण बसलंय ते हैदराबादेत दिसतंय. बैलगाडीवाले अवघडलेल्या बाईला पुढं घेऊ लागले. सिंदफणेच्या नावाड्यानं तिला नावेच्या मधोमध बसवायला सुरुवात केली. एकदा तर पोटुशी बाई दिसताच वळू रस्त्याच्या कडेला झाला, हे मी स्वतः बघितलं. एक बाई चांगली तेरा महिने पुढच्या फळीवर बसून बाजार करत होती. उस्ताद एकदा हळूच म्हणाले, "किसन, इसको क्या हाथी होनेवाला है?" पण उठवलं नाही तिला. कुणीच कुणाला उठवलं नाही. माहेरी बाळंतपणाला निघालेल्या पोरी त्या फळीवर बसल्या की आधी त्या डोळ्याला हळदकुंकू लावायच्या. सुरम्याच्या जाहिरातीला एवढी पूजा आमच्याशिवाय कुणी केली नसेल.

हुकूम खोटा आहे हे मी फक्त एका माणसाला सांगितलं होतं. माझ्या बायकोला. भागीरथी नाव तिचं, घरात भागू. माहेर पाली, बिंदुसरेच्या काठाचं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. कापूस वेचून आली की बोटांना बोंडांच्या टोकांचे बारीक ओरखडे असायचे, त्यावर तेल लावत ती माझ्या दिवसभराच्या थापा ऐकायची. माझी थाप ओळखायची तिची एक खूण होती. ती डावी भुवई उचलायची. सगळं ऐकून घ्यायची, भुवई उचलायची आणि म्हणायची, "येकदा तरी खरं बोला की वो. बगू तरी कसं दिसतंय."

सुरम्याचं ऐकून ती इतकी हसली की तेलाची वाटी सांडली. मग म्हणाली, "मला कवा बसवनार त्या डोळ्याम्होरं?"

"तू आदी कारण तरी काढ."

पुढल्या हंगामात कारण निघालं. कापूस ऐन भरात होता. सातवा लागला आणि पालीहून सांगावा आला की भाऊ बीडच्या मोटारअड्ड्यावर गाडी जुंपून थांबेल, मंगळवारच्या मोटारीनं पाठवा. तिनं हिरवं लुगडं नेसलं. आईनं ओटी भरली. भागूनं कुंकवाची पुडी वेगळी, कमरेला खोचून घेतली होती. "तुमच्या सुरम्याला," म्हणाली. लिंबाखाली अर्धं गाव जमलं. क्लीनरची बायको पुढच्या फळीवर बसणार, हा सोहळाच होता. कोंडाआत्याही बीडला निघाल्या होत्या.

मोटार आली आणि पुढच्या फळीवर एक साहेब बसलेला होता. कुठल्या कचेरीचा ते मला आजही माहीत नाही. काळी शेरवानी, चष्मा. मधल्या फळीवर त्याचे दोन शिपाई आणि ट्रंका. बाकीच्या फळ्यांवर माणसं आणि कापूस एकमेकांत कालवलेले. जागा फक्त मागं.

आत्याच पुढं झाल्या.

"साहेब, जरा मागं बसावं लागंल. पोर दोन जिवाची हाय. हुजूरचा हुकूम हाय." त्यांनी कागदाकडं बोट केलं.

साहेबानं वाकून कागद बघितला. चष्मा पुसला, पुन्हा बघितला. मग मान माझ्याकडे वळवली. आवाज चढवला नाही, डोळे वटारले नाहीत. खरंच विचारत होता तो.

"काय रे, असा हुकूम आहे?"

त्याचा हात बाजूला ठेवलेल्या काठीवर गेला होता. उठायला की टेकायला, देव जाणे.

मी जन्मापासून खोटं बोलत आलो. जत्रेत बोललो, लग्नात बोललो, देवळात बोललो. त्या क्षणी मला एक शब्द हवा होता, दोन अक्षरांचा, उगी "हाय" एवढाच. पण मला दिसल्या बेड्या. हुजूरच्या नावानं खोटा हुकूम चालवणारा हा इसम, असं कुणीतरी कचेरीत वाचून दाखवतंय असं ऐकू आलं. मला वाटलं, त्यानं कागद वाचला आणि आता मला खेळवतोय.

"न्हाई साहेब," मी म्हणालो. "तसा काई हुकूम न्हाई. लोक आपलं उगंच म्हनत्यात."

आत्या माझ्याकडे बघत राहिल्या. उस्तादांचा हात भोंग्यावर होता, तो तिथंच राहिला. साहेब मागं टेकून बसला. आणि भागू म्हणाली, "बसते की मी मागं. खाली कापूस हाय, मऊ."

ती कुणाच्या तरी गाठोड्यावर बसली, त्या मागच्या फळीवर, जिच्यावर मी दुधाचं लोणी करत होतो. मी पायरीवर, तिच्यापासून एका हातावर. पहिला कोस ती मला हसवत होती. तुमच्या फळीवर ताक कुटं हुतंय ते सांगा म्हंजे मी धरून बसते, म्हणाली. उस्ताद मोटार अशी हाकत होते की बाजूनं चालणारी माणसं पुढं जायची. साहेब घड्याळ काढून बघत होता. वडवणीला म्हणाला, जरा हाका. उस्तादांनी हाकली.

वडवणीच्या पुढचा ओढा कोरडा होता, गोट्यांनी भरलेला. हजार वेळा उतरलो होतो आम्ही तो. मागचं चाक एका गोट्यावर चढलं आणि पलीकडे खाली आपटलं. बस, एवढंच. मोटारीत कुणी वळून बघितलं नाही. भागूनं आवाज केला नाही. तिनं फक्त दांडीवरचं माझं मनगट धरलं, आणि मग बीड येईपर्यंत सोडलं नाही. तिच्या हाताला तेलाचा वास होता. थोड्या वेळानं तो हात गार पडायला लागला.

इथं मला काही वाढवून सांगता येत नाही. आयुष्यात ही एकच गोष्ट अशी आहे की जिला मी काही जोडू शकलो नाही.

ते गाठोडं ज्यांचं होतं त्यांनी ते परत मागितलं नाही. अड्ड्यावर तिच्या भावानं गाडीत कडबा अंथरला होता, त्यावर दोघांनी तिला उचलून ठेवलं. पालीच्या वाटेवर बैल अलगद चालत होते. दोन्हीकडच्या रानांत बाया झोळ्या सोडून बांधावर कापूस ओतत होत्या. भागूनं बराच वेळ ते बघितलं. मग माझ्याकडे बघून तिनं डावी भुवई उचलली, पण नेहमीसारखी वर गेली नाही ती.

"येकदा तरी खरं बोला म्हनत हुते ना मी," ती म्हणाली. "बोललात."

रागानं नाही म्हणाली. तिला खरंच थोडं हसू आलं होतं. राग असता तर मी आजवर कसातरी पचवला असता.

बाळ त्याच रात्री गेलं. भागू तिसऱ्या दिवशी. कुंकवाची पुडी तिच्या कमरेला तशीच होती.

मी मोटारीवर परत गेलो नाही. महिन्याभरानं करीम उस्ताद घरी आले. त्यांनी पुढच्या फळीसमोरचा कागद खरवडून आणला होता. माझ्या हातात दिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी तो नीट बघितला. वर्षभराचं ऊन, धूळ, हळद, कुंकू. डोळा नव्हता. अक्षर नव्हतं. एक लालपिवळा कोरा तुकडा.

"उस दिन भी ऐसाइच था," उस्ताद म्हणाले. "कुछ नहीं दिख रहा था उसको. इसलिए तेरे को पूछा."

आणि निघता निघता उंबऱ्यात थांबून म्हणाले, "तू हौ बोलता तो मैं इंजन बंद करके नीचे उतरता, साब उठे तक."

कोंडाआत्या त्यानंतर आल्या. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. म्हणालो, आत्या, हुकूम खोटा होता. माझीच थाप होती. त्या काही वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"म्हाईत हुतं रं मला. पैल्या दिसापासनं. हुजूर कशाला आमच्या सुनांसाठी कलम उचलत्यात?"

"मंग त्या दिशी तुमी कावून..."

"समद्यांला म्हाईत हुतं, किसन्या. पाटलालाबी. थाप तू मारलीस, पर मानली आमी समद्यांनी. ती तुजी येकट्याची ऱ्हायली न्हवती. तू येकट्यानं मोडाया नगो हुतास."

त्याला तीस वर्षं होत आली. मला वाटायचं, खोटं माझं, म्हणून त्याची भीतीही माझी. सगळी मोटार माझ्या शब्दाला खांदा देऊन उभी होती, आणि मी मात्र बेड्या मोजत होतो.

हुजूर गेले. राजवट गेली. उर्दूचे कागद कुठं वाणसामानाच्या पुड्यांना गेले. रस्त्यावर आता सरकारी मोटार येते, सगळ्या बाकांना सारखी गादी. मी बाजाराला जातो तेव्हा त्याच लिंबाखाली चढतो. थापा अजूनही मारतो. लोक मारायला लावतात. गप्प बसलो तर विचारतात, तब्येत बरी हाय ना?

परवा कापसाचीच गर्दी होती. दारातून एक पोर चढली. हिरवं लुगडं, एक हात कमरेवर, एक हात पोटाखाली. पहिल्या बाकावर खिडकीशी एक तरणा गडी बसला होता, नव्या शाळेत शिकलेला असावा. त्याच्या मागं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं त्याच्या खांद्यावर टकटक केलं.

"ऊट बे. म्होरं दोन जिवाची बाई बसती. हुकूम हाय."

"कुनाचा?"

"हुजूरचा."

गडी हसला. "हुजूर कवाच गेले, बाबा. आन् आसला हुकूम कुटं अस्तोय का? कुनी बगितलाय?"

म्हातारा गडबडला. मग त्याची नजर माझ्यावर पडली. "ह्यांला इचार. ह्ये हुते त्या काळच्या मोटारीवर."

सगळे माझ्याकडे वळले. त्या गड्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. खरंच विचारत होता तो.

"काय वो बाबा, हाय का आसा हुकूम?"

"हाय," मी म्हणालो. "मी सोता वाचलाय."

तो उठला. उठता उठता खिडकीची काच वर सारून तिच्यासाठी वारा मोकळा करून गेला. ती बसली, पदर सावरला. मी तिच्या मागं दांडी धरून उभा राहिलो. कुणीतरी मला जागा देत होतं, मी नको म्हणालो. वडवणीच्या पुढच्या ओढ्यावर आता पूल झालाय. गाडी कधी आली आणि कधी पलीकडे गेली, कुणाला कळत नाही. मला कळतं.